नाव न छापण्याच्या अटीवर

तिखटराव हे त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगाराच्या दिवशी खजिनदाराला तेवढं आठवायचं. बाकी सगळ्या कचेरीत तो तिखटराव, आणि ह्या नावाला इतका सरावलेला की रस्त्यात कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर हा आधी आजूबाजूला बघायचा, कुणाला बोलावतायत म्हणून. संध्याकाळी निघणाऱ्या एका वर्तमानपत्रात तो बातम्या लिहायचा. हे वर्तमानपत्र लोक कामावरून घरी जाता जाता विकत घेत, उभ्याउभ्या वाचत, आणि घरात शिरताना पहिलं पान आत जाईल अशी घडी घालत. विचारलं तर म्हणत, छे, आम्ही नाही बुवा असलं काही वाचत. खप मात्र शहरात सगळ्यात जास्त होता. आता तो कोण करत होतं, देव जाणे.

बातमी शोधायला तिखटराव स्वतः कधी बाहेर पडला नाही. बातमी आपल्या पायांनी यायची. पहिल्या पानाच्या डोक्यावर एक फोन नंबर छापलेला असे आणि शेजारी लिहिलेलं असे, ‘काही पाहिलंत? आम्हाला सांगा.’ लोक सांगत. इस्पितळातला कामगार सांगे, हॉटेलचा हमाल सांगे, टॅक्सीवाले तर सिग्नलला थांबल्या थांबल्या सांगत. पण सगळ्यात जास्त फोन यायचे ते शेजाऱ्यांचे. देवाने शेजारी निर्माण केला नसता तर हा पेपर कधीच बंद पडला असता. कोपऱ्यात फोनवाल्या बाई बसत. खांद्याने फोन कानाशी दाबून, हातांनी मोजे विणत त्या सगळं ऐकून घेत, मधूनमधून ‘अगं बाई’ म्हणत, आणि मग दोन ओळींची चिठ्ठी तिखटरावाच्या टेबलावर सरकवत. चिठ्ठीत नुसती हाडं. त्यावर मांस चढवायचं, डोळ्यांत पाणी आणायचं, हे तिखटरावाचं खातं. तिखटमीठ लावतो म्हणून तिखटराव.

हे नाव ठेवलं होतं संपादकांनी, आणि परतफेड म्हणून संपादकांनाही कचेरीने एक नाव दिलं होतं: अजूनसाहेब. लिहिलेला कागद वाचून झाला की ते चष्मा कपाळावर चढवत आणि एकच शब्द बोलत, “अजून?” मग तिखटराव कागद परत नेई, आणि बातमीतल्या घरातला दिवा विझे, किंवा दारातलं कुत्रं तीन दिवस जेवत नसे.

कचेरीत एक नियम मात्र कडक होता. कुणाच्या घरातली भानगड असली की नाव छापायचं नाही. वकील मागे लागतात. नाव तर नाहीच, पण वय, धंदा, राहायची जागा हेही बदलायचं. ह्याला ते लोक ‘पांघरूण घालणं’ म्हणत. पांघरूण शिवण्यात तिखटरावाचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याची रीत साधी होती. ह्याचा खोकला, त्याची छत्री, तिसऱ्याची चालताना चप्पल घासायची सवय, असे ओळखीच्या माणसांचे तुकडे घ्यायचे आणि गोधडीसारखे जोडून द्यायचे. खऱ्या माणसाला कुणी ओळखायचं नाही, आणि वाचणाऱ्याला वाटायचं, अरे, ह्याला तर मी काल पाहिला! आजवर ही गोधडी कुठे उसवली नव्हती.

त्याची सगळ्यात मोठी वाचक म्हणजे त्याची थोरली बहीण. ताई त्या पेपरची घडी उलटी घालत नसे. उघड्यावर, दारात खुर्ची टाकून वाचायची. “माझा धाकटा लिहितो,” असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. छापलेल्या एकूण एक अक्षरावर तिचा विश्वास होता. आई गेली तेव्हा ताई सासरहून यायला निघाली होती, प्रवासात होती, पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. जवळ होता तो हाच, मिसरूड फुटू लागलेला पोरगा. “आई शेवटी माझं नाव घेऊन गेली, धाकट्याने स्वतः ऐकलं,” हे ताई अजूनही वर्षातून दोनतीनदा तरी सांगायची, आणि प्रत्येक वेळी पदराने नव्हे, हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसायची. त्यानंतर ताईच्या नवऱ्याने, भावोजींनी, मेहुण्याला आपल्या घरी आणलं, शिकवलं, कामाला लावलं. भावोजींचं किल्ल्या करून देण्याचं छोटं दुकान होतं. बोलणं कमी. त्या घरात तिखटरावाची अर्धी जवानी भावोजींच्या समोर बसून, त्यांचे हात बघण्यात गेली.

आणि घात झाला तो इथेच.

चिठ्ठी धोबिणीच्या फोनवरून आली होती. कॉलरला आतून निळं ठिगळ असलेला एकच सदरा तिच्याकडे कधी नदीच्या अलीकडच्या घरातून धुवायला येई, कधी पलीकडच्या. चौकशी केली तर दोन्ही घरांत एकच नवरा. सरकारी कचेरीतला हिशेबनीस, चाळिशीतला. बातमी सोन्यासारखी होती, पण नाव देता येत नव्हतं. अजूनसाहेब डोक्यावर उभे. “मथळा आधी सांगा,” म्हणाले. तिखटरावाच्या तोंडून पटकन निघालं, “एक किल्लीवाला, दोन कुलपं!” साहेब चक्क हसले. मथळा ठरला म्हणजे धंदा ठरला. मग लेखणी सुटली ती सुटलीच. ऐन उन्हाळ्यातही गळ्यात उंदरी रंगाचा मफलर. हत्यारांच्या पिशवीने एक खांदा कायमचा खाली गेलेला. नवी किल्ली झाली की ती कानाशी धरून टिचकी मारून ऐकायची सवय. आणि रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीतून दोन पाव. ‘एक पाव एका घरी पोहोचतो. दुसरा कुठे जातो?’ असं लिहून तिखटरावाने खाली रेघ मारली. अजूनसाहेबांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला, आणि नोकरीत पहिल्यांदाच ‘अजून’ म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो खोलीवर चहा टाकत होता तेव्हा दार वाजलं. दारात ताई. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात स्वतःची उशी. ताई उशी घेऊन घराबाहेर पडली म्हणजे प्रकरण साधं नव्हे, एवढं त्याला कळत होतं.

“तुला माहीत होतं,” ती उशी त्याच्या पलंगावर टाकत म्हणाली. “तुला माहीत होतं आणि मला सांगायचं सोडून तू पेपरात छापलंस. पण बरं केलंस. तोंडावर सांगितलं असतंस तर मी तुलाच थोबाडलं असतं.”

“काय छापलं?”

तिने पिशवीतून पेपर काढून त्याच्या पुढ्यात आपटला. त्याने आपलंच लिहिलेलं पुन्हा वाचायला घेतलं. मफलरपाशी आला आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. खांदा. टिचकी. पाव. गोधडीतला एकही तुकडा दुसऱ्या कुणाचा नव्हता. डोक्यापासून पायापर्यंत भावोजी उभे होते, हुबेहूब, आता बोलतील असे. हे लिहिताना आपल्याला दिसलं कसं नाही? दिव्याखाली अंधार म्हणतात तो इतका? तो पेपर उलटा करून, सुलटा करून बघत राहिला, जणू मागच्या बाजूला काही खुलासा छापलेला असेल.

“ताई, हे भावोजी नाहीत. हे कुणीच नाही. हा माणूस मी बनवलाय.”

“बनवलाय? मफलरसकट?”

“मफलर तेवढा... मफलर भावोजींचा.”

“आणि दुसरा पाव?” ताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “घरात रोज एकच पाव येतो. मी बेकरीत जाऊन विचारलं. तो म्हणाला, काकू, कित्येक वर्षं दोन नेतात. मी ह्यांना विचारलं, दुसरा कुठे जातो? तर हे भिंतीकडे बघत बसले. धाकट्या, आगीशिवाय धूर निघतो का?”

“आग मी आणि धूरही मीच, ताई! मी खोटं लिहिलंय.”

ताईने त्याची हनुवटी धरून मान वळवली आणि त्याचे कान बघितले. लहानपणी तो खोटं बोलला की कान लाल व्हायचे. आईने शोधून काढलेली युक्ती. “लाल नाहीत,” ती म्हणाली, आणि लगेच गोंधळली. कान लाल नाहीत म्हणजे तो खरं बोलत होता, पण तो खरं बोलत होता ते हे की आपण खोटं बोललो. थोडा वेळ दोघंही त्या कानांपाशी अडकून पडले. मग ताईनेच गाठ सोडवली. “तू माझा संसार वाचवायला थापा मारतोयस. तुझं मन मोठं आहे,” असं म्हणून ती त्याच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली, आणि तिखटराव जमिनीवर बसून राहिला.

मग उठून तो तडक भावोजींच्या दुकानात गेला. भावोजी किल्ल्यांच्या भिंतीसमोर बसले होते, मफलर काढून खुंटीला लावलेला. गळा किती बारीक होता त्यांचा! आजवर तो दिसलाच नव्हता. एक बाई आपल्या घराची जादा किल्ली परत मागून गेली होती. ज्याची दोन घरं, त्याच्या हातात तिसऱ्याची किल्ली कोण ठेवणार?

“वाचलं मी,” भावोजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता गोंधळ होता. “वाचताना मलाच वाटत होतं, हा माणूस ओळखीचा आहे. कोण बरं? मग मफलर आला. क्षणभर वाटलं, मी केलंय की काय असं काही?”

“भावोजी, दुसरा पाव तुम्ही पुलाच्या वळणावर उभे राहून खाता. मी पाहिलंय तुम्हाला.”

“डॉक्टरांनी बंद केलाय,” ते हळूच म्हणाले. “तुझ्या ताईने स्वतःची शपथ घातली होती. तिने विचारलं, दुसरा पाव कुठे जातो, आणि माझी बोबडी वळली. शपथ मोडली हे सांगू, की दुसरी बायको आहे हे ऐकून घेऊ? त्यातलं मोठं कुठलं, मला त्या वेळी ठरवता येईना. मग सांगितलं शेवटी. तर म्हणाली, आता सुचलं होय?”

तिखटराव हसला असता, पण हसू येईना. त्याहून वाईट म्हणजे, परत येताना पुलावर थांबून तो दोन्ही काठांवरची घरं बघू लागला आणि त्याच्या मनात आलं: पलीकडच्या काठावर खरंच असेल का कुणी? इतकं पटण्यासारखं लिहिलं होतं की लिहिणाऱ्यालाच पटू लागलं होतं. ज्या माणसाने आपल्याला जेवू घातलं त्याच्यावर आपण आपल्याच थापेच्या जोरावर संशय घेतोय, हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःची किळस आली.

अजूनसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. “खुलासा? काय छापू? ‘आमच्या बातमीतला किल्लीवाला म्हणजे नदीकाठचा, मफलर घालणारा, दोन पाव नेणारा किल्लीवाला नव्हे’? आज गल्लीला शंका आहे. उद्या गावाला खात्री होईल.”

“मग मी काय करू?”

“चार दिवस थांबा. लोक विसरतात.”

“बहीण नाही विसरत, साहेब.”

साहेब ‘अजून’ म्हणाले नाहीत. त्यांच्याकडेही काही नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं ते त्रांगडं होतं. मग तिखटरावाला एकच उपाय उरला. ताईला कचेरीत आणायचं, आणि आपण कोण आहोत ते दाखवायचं.

ताई आली ती इस्त्रीचे कपडे घालून. भावाची कचेरी प्रथमच पाहत होती. फोनवाल्या बाईंनी तिला खुर्ची दिली. थोड्या वेळाने फोन वाजला, ‘अगं बाई’ झालं, चिठ्ठी आली. ‘हॉटेल. पाहुणा खोलीबाहेर येत नाही. ताट बाहेर, अर्धं खाल्लेलं.’ तिखटराव लिहायला बसला. ताई त्याच्या खांद्यावरून वाचत होती.

“‘आतून कधी हसण्याचा, कधी हुंदक्यांचा आवाज येतो, असं शेजारच्या खोलीतल्या एका बाईंनी नाव न छापण्याच्या अटीवर सांगितलं,’” तिने मोठ्याने वाचलं. “कुठल्या बाईंनी?”

“बाई नाही.”

“चिठ्ठीत नाही, पण तुला कुणी फोनवर...”

“कुणी नाही, ताई. शेजारीण कधीच नसते. तिला मीच बोलावतो. मी नोकरीला लागलो तेव्हापासून ती आहे.”

ताईने ह्या शेजारणीची वाक्यं तोंडपाठ केली होती. तिची साक्ष काढून गल्लीत भांडणं जिंकली होती. तिने भावाचे कान पाहिले. ते लाल नव्हते. खोटं लिहिताना तो तिच्या डोळ्यांदेखत बसला होता आणि कान जागचे हलले नव्हते. इतक्या वर्षांत कानही नोकरीला लागले होते.

अजूनसाहेबांनी कागद वाचला, चष्मा चढवला आणि विचारलं, “अजून?” तिखटराव म्हणाला, “रात्री एक बाई दाराला हात लावून गेली.” साहेब म्हणाले, “लिहा.” आणि त्याने लिहिलं.

 ताईने विचारलं, “आणि मागे छापलेली ती आंधळी आई? हरवलेला मुलगा परत आला, आणि पावलांच्या आवाजावरून ओळखलं तिने? मी दोन दिवस रडत होते.”

“मुलगा सापडला, हे खरं.”

“आणि आई?”

“आई नव्हती. मावशीकडे राहायचा.”

“आंधळी कुणीच नव्हतं?”

“साहेब ‘अजून’ म्हणाले,” तिखटराव म्हणाला. त्याला भयंकर लाज वाटत होती आणि त्याच वेळी सुटल्यासारखंही वाटत होतं. ताईला पटत होतं. भावोजींच्या गळ्यात मफलर परत येणार होता.

ताई उठली. फोनवाल्या बाईंना म्हणाली, “येते हं,” आणि जिन्याकडे निघाली. तिखटराव तिच्या मागोमाग.

“म्हणजे पुलावर ते पावच खातात,” पहिल्या पायरीवर ती म्हणाली.

“पावच. नुसता. घाईघाईत, इकडेतिकडे बघत.”

“मेले, शपथ मोडून!” ती म्हणाली, पण तिचा आवाज ओला होता. “घरी जाते. उशी आणून दे मला. आणि बेकरीवाल्याला मीच सांगते, दोन पाव लागतात आम्हाला म्हणून. गल्लीत काय सांगायचं ते मी बघते.”

तिखटरावाचा जीव भांड्यात पडला. तिचा हात धरून तो उतरू लागला. मधल्या वळणावर ती थांबली आणि तिने हात सोडवून कठड्यावर ठेवला.

“धाकट्या, आई गेली तेव्हा खोलीत तू एकटाच होतास ना?”

“हो.”

“आणि शेवटी माझं नाव घेतलं तिने.”

हे विचारणं होतं की सांगणं, त्याला कळेना. त्याने ती खोली आठवून पाहिली. खिडकीत वाळत घातलेला टॉवेल होता. उशाशी पाण्याचा पेला होता. आईचे ओठ हलले होते, एवढं नक्की. ओठ हलले, आवाज निघाला, आणि तो खाली वाकला. की पेला आपणच पहिल्यांदा सांगताना घातला होता? टॉवेल तरी होता का? मग दार उघडलं आणि ताई आत आली, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, ओरडत, “मला काय म्हणाली? मला काय म्हणाली रे?” आणि त्या पोराने उत्तर दिलं. ऐकलं होतं ते दिलं, की तिला हवं होतं ते? तेव्हा कचेरी नव्हती, अजूनसाहेब नव्हते. ‘अजून?’ विचारणारी ताईच होती. तो शोधत गेला, शोधत गेला, आणि तिथे त्याला त्याने इतक्या वेळा सांगितलेली गोष्टच सापडत राहिली, आई सापडली नाही.

ताई वाट बघत होती.

“हो,” तो म्हणाला. “तुझंच नाव घेतलं.”

सवयीने तिचे डोळे त्याच्या कानांकडे गेले आणि परत फिरले.

“बरं,” ती म्हणाली. भाजीवाला ‘आजचीच आहे काकू, सकाळी काढलेली’ म्हणाला की ती असंच बरं म्हणायची, आणि पिशवी पुढे करायची.